आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय, लिव्हर प्रत्यारोपण करता येईल का?

प्रश्न म्हापशाहून आला आहे. वडील ५४ वर्षांचे, वजन ६२ किलो. सिग्मॉइडचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या डाव्या टोकाकडचा कॅन्सर ११ महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून काढला. निदान झाले तेव्हाच लिव्हरच्या दोन्ही बाजूंना मिळून १४ गाठी होत्या. फोलफॉक्स ही केमो आणि सेटुक्सिमॅब हे सोबतचे औषध, यांच्या १० सायकल झाल्यात. सीईए (रक्तातली कॅन्सरची खूण) ३१० वरून २४ वर आला, सर्वांत मोठी गाठ आता ४.२ सेंटिमीटर, नवीन गाठ नाही. एका सर्जनने ‘या गाठी काढता येणार नाहीत’ असे सांगितले. २७ वर्षांचा धाकटा मुलगा लिव्हरचा भाग द्यायला तयार आहे. थोरला मुलगा लंडनला असतो, त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, तोही तयार आहे. प्रत्यारोपण होईल का, कधी, आणि खर्च किती, असे मुलीने विचारले आहे.

तुमच्या वडिलांचा प्रत्यारोपणासाठी विचार होऊ शकतो. पण तो आज नको, आणि मुलाच्या तपासण्याही आज नकोत. आधी दोन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात: गाठी खरोखरच काढता येण्यासारख्या नाहीत का, आणि हा आजार पुढचे काही महिने केमोला दबून राहतो का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणतीही मशीन देत नाही, ते फक्त वेळच देते.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. १४ गाठी म्हटल्या की घाबरायला होते, पण नुसत्या संख्येवरून ‘निघणार नाहीत’ असे ठरत नाही. सर्व गाठी काढून किंवा जाळून झाल्यावर किती निरोगी लिव्हर उरते, आणि त्या उरलेल्या भागाला रक्त आणणारी, रक्त नेणारी आणि पित्त वाहून नेणारी नळी शाबूत राहते का, हे पाहायचे असते. निरोगी लिव्हरचा २०-२५ टक्के भाग उरला तरी माणूस तगतो. इतकी केमो झालेल्या लिव्हरचा निदान ३० टक्के तरी लागतो, कारण फोलफॉक्समधल्या ऑक्झालिप्लॅटिनमुळे लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. उरणारा भाग कमी पडत असेल तर दुसऱ्या बाजूची पोर्टल व्हेन (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) बंद करून तो ४ ते ६ आठवड्यांत वाढवता येतो, किंवा ऑपरेशन दोन टप्प्यांत करता येते. म्हणून दुसरे मत अशा लिव्हर सर्जनचे घ्या, जो या गाठी काढण्याची मोठी ऑपरेशने नेहमी करतो आणि प्रत्यारोपणही करतो. दोन्ही करणाऱ्याचा ‘नाही’ जास्त भरवशाचा. गाठी काढता येत असतील, तर प्रत्यारोपणाचा विषय तिथेच थांबवावा.

आता पुरावा काय सांगतो ते पाहू. १९९५ पूर्वी युरोपात अशी प्रत्यारोपणे झाली, तेव्हा ५ वर्षांनंतर जेमतेम १८ टक्के रुग्ण हयात होते, म्हणून सगळ्यांनी हा मार्ग सोडून दिला. २००६ पासून नॉर्वेत ओस्लोच्या डॉक्टरांनी तो पुन्हा हाती घेतला. पहिल्या २१ रुग्णांपैकी ६० टक्के ५ वर्षे जगले. पुढच्या अभ्यासात रुग्ण जास्त काटेकोरपणे निवडले, ते १५ होते, आणि त्यात हा आकडा ८३ टक्क्यांवर गेला. हे आकडे लहान गटांचे. भक्कम उत्तर २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेल्या ट्रान्समेट या युरोपीय चाचणीने दिले. त्यात ९४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली होती: एका गटाला प्रत्यारोपण आणि केमो, दुसऱ्याला फक्त केमो. ५ वर्षांनी पहिल्या गटातले ५६.६ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले १२.६ टक्के. ठरल्याप्रमाणे खरोखर प्रत्यारोपण झालेल्यांपुरते पाहिले, तर ७३.३ टक्के.

हे वाचून उमेद वाढते, वाढायलाच हवी. पण त्याच चाचणीतल्या आणखी तीन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. तज्ज्ञांच्या समितीसमोर १५७ रुग्णांची कागदपत्रे गेली होती, त्यातले ९४ च आत घेतले गेले. प्रत्यारोपणाच्या गटात आलेल्या ४७ पैकी ९ जणांचा आजार वाट पाहतानाच वाढला आणि त्यांचे प्रत्यारोपण झालेच नाही. आणि ज्यांचे झाले, त्यांच्यापैकी सुमारे ७२ टक्क्यांमध्ये कॅन्सर पुन्हा दिसला. तरीही इतके लोक जगले, कारण परत आलेला कॅन्सर बहुतेकदा फुप्फुसात लहान गाठींच्या रूपात येतो, हळू वाढतो, आणि बऱ्याच जणांत पुन्हा काढता येतो. तेव्हा ‘लिव्हर बदलले की कॅन्सर गेला’ असे मनात धरू नका. आयुष्य वर्षांनी वाढण्याची चांगली शक्यता, आणि काहींच्या बाबतीत पूर्ण मुक्ती, असा हा सौदा आहे.

तुमच्या वडिलांचे आकडे ओस्लोच्या गुणपद्धतीत बसवून पाहू. तिच्यात वाईट बाजूचे चार गुण असतात: सर्वांत मोठी गाठ ५.५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, सीईए ८० च्या वर, केमो चालू असताना आजार वाढणे, आणि मूळ ऑपरेशनपासून प्रत्यारोपणापर्यंत २ वर्षांपेक्षा कमी काळ. वडिलांची गाठ ४.२, सीईए २४, आजार मागे हटतोय. तीन गुण टळले. चौथा काळाचा, तो आज लागतो आणि पुढच्या वर्षी आपोआप टळेल. मूळ गाठ डाव्या बाजूची, हेही त्यांच्या बाजूने. सेटुक्सिमॅब चालू आहे, म्हणजे रास जनुकात बदल नसणार. पण तुम्ही पाठवलेल्या कागदांत बीरॅफ या दुसऱ्या जनुकाचा उल्लेख कुठेच नाही. ही तपासणी राहून गेली असेल तर आधी तीच करून घ्या. बीरॅफ व्ही-६००-ई हा बदल असला तर कोणतेही जबाबदार केंद्र प्रत्यारोपण करणार नाही. सोबत एमएसआय, म्हणजे गाठीच्या डीएनएची अस्थिरता, तपासा. तो ‘हाय’ आला तर आधी इम्युनोथेरपी द्यायची असते, आणि त्या औषधांनंतर प्रत्यारोपण केले तर शरीर नवे लिव्हर नाकारण्याचा धोका वाढतो. दोन्ही तपासण्या आतड्याच्या ऑपरेशनच्या जुन्या ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) होतात, नव्या बायोप्सीची गरज पडत नाही. ब्लॉक ज्या पॅथॉलॉजी विभागात असेल, तिथे लेखी अर्ज करून तो मिळवा.

पुढची पायरी म्हणजे लिव्हरबाहेर कुठेच काही नाही, याची खात्री. त्यासाठी छाती आणि पोटाचा सीटी, लिव्हरचा एमआरआय, पेट-सीटी, आणि वर्षभरात झालेली कोलोनोस्कोपी, जोडलेल्या जागी पुन्हा काही उगवले नाही ना ते पाहायला. पेट नेमका कधी करायचा, याकडे बरेचदा दुर्लक्ष होते. केमोनंतर लगेच केला तर जिवंत गाठीही थंड पडलेल्या दिसतात. शेवटच्या सायकलनंतर निदान ३ ते ४ आठवडे जाऊ द्या. फुप्फुसात ४-५ मिलिमीटरचे ठिपके दिसले तर घाबरून निष्कर्ष काढू नका. कोकणपट्टीत जुन्या टीबीचे व्रण असलेले पुष्कळ लोक आहेत. तीन महिन्यांनी तोच सीटी पुन्हा करून तुलना करायची, ठिपका तसाच राहिला तर तो बहुतेक निरुपद्रवी.

आणि वेळ. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची सर्वसाधारण शिफारस अशी, की केमोचा प्रतिसाद निदान ६ महिने टिकलेला असावा, आणि वडिलांसारखी लिव्हरमध्ये सुरुवातीलाच गाठ सापडली असेल तर निदानापासून साधारण वर्ष तरी उलटू द्यावे. ‘आता छान दबलाय, लगेच करून टाकू’ हा घरच्यांचा आग्रह मला समजतो, पण या आजाराची जात ओळखायचा तोच काळ आहे. जो कॅन्सर केमोखालीही सहा महिन्यांत डोके वर काढतो, तो नव्या लिव्हरमध्ये, दाबलेल्या प्रतिकारशक्तीखाली, आणखी वेगाने काढेल. थांबण्यात तुम्ही काही गमावत नाही, उलट मुलाला नाहक ऑपरेशनपासून वाचवता.

नॉर्वेत मेंदूमृत दात्यांची लिव्हर तुलनेने मुबलक आहेत, म्हणून तिथे हा प्रयोग उभा राहिला. आपल्याकडे चित्र वेगळे. प्रतीक्षायादीत लिव्हर किती बिघडले आहे त्यावर क्रम लागतो, आणि अशा रुग्णांचे लिव्हर काम नीट करत असते, बिलिरुबिन नॉर्मल असते. त्यामुळे यादीत ते तळाशीच राहतात. गोवा पश्चिम विभागात येतो, अवयववाटप पाहणारे विभागाचे रोटो केंद्र मुंबईच्या केईएममध्ये आणि गोव्याचे सोटो केंद्र गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आहे. तिथे नाव नोंदवायला हरकत नाही, पण या आजारात आपल्याकडचा खरा मार्ग जिवंत दात्याचाच.

म्हणून मुलाविषयी थोडे सविस्तर. साधारणपणे उजवा भाग घेतात, तो पूर्ण लिव्हरच्या ६०-६५ टक्के असतो. हिशेब असा: वडिलांच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी वजनाचा तुकडा हवा, म्हणजे ६२ किलोला साधारण ५०० ग्रॅम. मुलाचे लिव्हर समजा १२०० ग्रॅम भरले आणि उजवा भाग ६२ टक्के निघाला, तर वडिलांना ७४० ग्रॅमच्या आसपास मिळेल आणि मुलाकडे ३८ टक्के उरेल. दात्याकडे ३० ते ३५ टक्क्यांच्या खाली जायचे नाही, ही रेषा कोणासाठीही ओलांडू नये. लिव्हरवर चरबी असेल तर हा हिशेब बिघडतो, तेव्हा मुलाने आतापासून वजन सांभाळावे आणि दारू पूर्ण बंद ठेवावी. दात्याचा जीव जाण्याची शक्यता उजव्या भागासाठी हजारात २ ते ५ अशी सांगितली जाते. पित्त गळणे, जखमेत संसर्ग, हर्निया यांसारखे त्रास त्याहून बरेच जास्त वेळा होतात. हे मुलाला वडिलांसमोर नको, एकट्याला बसवून सांगायला हवे. मागे फिरायचे असेल तर त्याला कोणालाही कारण द्यावे लागू नये. चांगल्या केंद्रात अशा वेळी ‘वैद्यकीय कारणाने दाता बसत नाही’ एवढेच घरी कळवतात.

थोरल्या मुलाबद्दल. प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा आणि त्याची २०११ ची दुरुस्ती पाहता मुलगा हा जवळचा नातेवाईकच. पण दाता किंवा रुग्ण यांपैकी एक जण परदेशी नागरिक असेल, तर जवळचे नाते असूनही ऑथरायझेशन कमिटीची पूर्वपरवानगी लागते आणि नात्याचा दाखला त्या देशाच्या दूतावासाकडून आणावा लागतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे) असले तरी नागरिकत्व पोर्तुगीजच धरले जाते. यात काही आठवडे सहज जातात. शिवाय ऑपरेशननंतर त्याला दोन-अडीच महिने इथेच राहावे लागेल. रक्तगट आणि लिव्हरचे माप दोघांचेही जुळत असेल, तर कागदोपत्री धाकटा सोपा. धाकट्याच्याही कागदांत गोव्यातला एक नेहमीचा घोळ तपासून घ्या: जन्मदाखल्यावर आडनावाचे एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, वडिलांच्या जुन्या पोर्तुगीज पद्धतीच्या नोंदीत तिसरेच. कागद केंद्रात देण्यापूर्वी प्रतिज्ञापत्र करून, मामलेदार कचेरीतून लागणारे दाखले घेऊन, हे एकसारखे करून ठेवा. कागदांवरून नाते सिद्ध झाले नाही तर डीएनए तपासणी मागतात.

ऑपरेशनच्या दिवसाचा क्रम तुम्ही आधीच विचारून ठेवा, कारण केंद्राचा दर्जा त्यावरून कळतो. आधी फक्त वडिलांना भूल द्यायची. पोट उघडून पोटाचा पडदा, ओटीपोट, आतड्याचा जोड, सगळे हाताने चाचपून पाहायचे. मग लिव्हरच्या मुळाशी, हेपॅटिक आर्टरीच्या (लिव्हरच्या धमनीच्या) आणि पित्तनलिकेच्या कडेने असलेल्या लसिका ग्रंथी काढून फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तपासणीला, पाठवायच्या. रिपोर्ट यायला अर्धा-पाऊण तास लागतो. एखाद्या ग्रंथीत कॅन्सर निघाला तर तिथेच थांबून पोट बंद करायचे. हा रिपोर्ट स्वच्छ येईपर्यंत मुलाच्या पोटावर चाकू लागता कामा नये. काही ठिकाणी वेळ वाचवायला दोन्ही ऑपरेशने एकदम सुरू करतात. सिरोसिसच्या रुग्णात ते चालते, या आजारात चालणार नाही, हे स्पष्ट सांगा.

आणखी एक बारकावा सर्जनला विचारण्यासारखा. सिरोसिसच्या रुग्णात पोर्टल व्हेनला वर्षानुवर्षे आडवाटा तयार झालेल्या असतात. तुमच्या वडिलांमध्ये त्या नाहीत. त्यामुळे जुने लिव्हर काढताना पोर्टल व्हेन दाबून धरली की आतडी रक्ताने फुगतात आणि रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून तात्पुरता पोर्टोकेव्हल शंट, म्हणजे पोर्टल व्हेनमधले रक्त थेट मोठ्या शिरेत वळवणारा जोड, करण्याची तयारी हवी. दुसरे, जिवंत दात्याच्या तुकड्यासोबत मोठी शीर, म्हणजे व्हेना केव्हा, येत नाही. वडिलांचीच ठेवावी लागते. एखादी गाठ तिला चिकटलेली असेल तर ती पूर्ण निघेल का, हे एमआरआयवर आधीच पाहून ठरवायला हवे.

केमो आणि ऑपरेशन यांत साधारण ४ ते ६ आठवड्यांचे अंतर ठेवतात. मध्ये कधी सेटुक्सिमॅब बदलून बेव्हासिझुमॅब दिले गेले, तर शेवटच्या डोसनंतर ६ आठवडे तरी थांबावे, नाहीतर जखम भरत नाही आणि रक्तस्राव होतो.

पहिल्या आठवड्यातली सर्वांत मोठी भीती हेपॅटिक आर्टरीत गुठळी होण्याची, म्हणून डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) रोज, बहुधा दिवसातून दोनदा करतात. पित्तनलिकेचा जोड आकसणे हा जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणातला नेहमीचा उपद्रव आहे. तो महिन्यांनंतरही होतो: कावीळ, खाज, थंडी वाजून ताप. बहुतेकदा ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, स्टेंट बसवून भागते. प्रतिकारशक्ती दाबायला सुरुवातीला टॅक्रोलिमस देतात, आणि ४ ते ६ आठवड्यांनी सिरोलिमस किंवा एव्हरोलिमसकडे वळतात, कारण या गटातली औषधे कॅन्सरच्या वाढीलाही थोडा लगाम घालतात. लवकर सुरू केली तर आर्टरीत गुठळी होण्याचा आणि जखम न भरण्याचा धोका असतो, म्हणून तो महिना थांबायचे. यांनी तोंड येते, कोलेस्टेरॉल वाढते, आणि क्वचित फुप्फुसाला सूज येते. ही सूज सीटीवर संसर्ग किंवा कॅन्सर परत आल्यासारखी दिसू शकते. अशा वेळी औषध बदलून पाहण्याआधी कॅन्सरची केमो सुरू करू देऊ नका.

गोव्यात परतल्यावर सर्वांत जास्त गोंधळ औषधाच्या रक्तपातळीत होतो. नमुना सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचा असतो; गोळी दिवसातून दोनदा असेल तर आदल्या रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी. घरी गोळी घेऊन मग लॅबला गेलात तर पातळी खोटी जास्त येते, डॉक्टर डोस कमी करतात, आणि लिव्हर नाकारले जाऊ शकते. गोळी खिशात घेऊन जा, रक्त दिले की तिथेच घ्या. ग्रेपफ्रूट आणि पपनस खाऊ नका, औषधाची पातळी त्यांनी चढते. टीबीचे रिफॅम्पिसिन कोणी सुरू केले तर ती कोसळते, आधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. ताकद वाढवायला म्हणून गुळवेलीचा काढा देऊ नका. ती प्रतिकारशक्ती चाळवते, आणि तिच्यामुळे लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत. मासे खुशाल खा, पण ताजे आणि पूर्ण शिजवलेले. तिसऱ्या, खुबे, कालवे अशी शिंपली अर्धी कच्ची मुळीच नकोत, त्यांतले व्हिब्रिओ जंतू अशा रुग्णात काही तासांत रक्तात पसरतात. पावसाळ्यात शेतात किंवा साचलेल्या पाण्यात अनवाणी जाऊ नये, लेप्टो आपल्याकडे दरवर्षी असतो. पहिल्या तीन महिन्यांत चवथ (गणेशचतुर्थी) आली तर घरी पाहुण्यांची गर्दी टाळा, वडिलांना वाईट वाटले तरी.

कॅन्सरसाठी सीईए आणि छाती-पोटाचा सीटी पहिली दोन वर्षे साधारण दर तीन-चार महिन्यांनी होतो. प्रत्यारोपणानंतर केमो द्यावी की नाही, यावर केंद्रांची पद्धत वेगवेगळी आहे. तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टने आणि प्रत्यारोपणाच्या टीमने एकत्र बसून ठरवावे.

खर्च जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणाला खासगी केंद्रात साधारण २० ते ३० लाख धरून चला, त्यात दाता आणि रुग्ण दोघांचे ऑपरेशन येते. मुंबई, पुणे, बंगळूर किंवा चेन्नईला दोन-तीन महिने भाड्याने राहणे आणि आयुष्यभराची औषधे वेगळी. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत संरक्षण आहे, ते एवढ्या खर्चाला पुरणारे नाही. गोमेकॉत होत नसलेल्या उपचारांसाठी राज्य सरकारची मेडिक्लेम योजना आहे, तिचा अर्ज ऑपरेशनआधी, गोमेकॉच्या शिफारशीसह करा. ऑपरेशन झाल्यावर परताव्यासाठी धावपळ करण्यात अर्थ नाही. खासगी विमा असेल तर दात्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींत ती वेगळी अट असते.

दुसऱ्या मताला जाताना फिल्म नेऊ नका, सर्व स्कॅनची सीडी किंवा पेनड्राइव्ह न्या, निदानाच्या वेळचा पहिला सीटीही हवा. आतड्याच्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट न्या. त्यात किती ग्रंथी बाधित होत्या आणि सिग्नेट रिंग पेशींचा (कॅन्सरचा एक आक्रमक प्रकार) उल्लेख आहे का, हे पाहतात. केमोच्या प्रत्येक सायकलची तारीख आणि तेव्हाचा सीईए एका कागदावर लिहून न्या. सर्जनला विचारा: दोन टप्प्यांतल्या ऑपरेशनने हे निघेल का? नसेल तर नेमकी कोणती गाठ अडवते, ती स्क्रीनवर दाखवा. मुलाला त्या भेटीला नेऊ नका.